पानडब्यातला आवाज

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा शालिकराम भाऊजी नऊ वर्षांचे होते. स्वतःचा शेंबूड पुसता येत नव्हता, पण नात्यानं दीर. म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणायचं अन् 'तुमी' लावायचं. "भाऊजी, तुमी नाक पुसा," असं आमचं पहिलं बोलणं. आता ते सदुसष्ट वर्षांचे अन् मी पंच्याहत्तरची. अजूनही मी कधी कधी ते वाक्य म्हणून दाखवते. पूर्वी चिडायचे. आता ऐकू जात नाही म्हणून चिडत नाहीत, एवढाच फरक.

अंजनगाव सुर्जीत आमची एका भिंतीची दोन घरं आहेत. अलीकडे मी, पलीकडे भाऊजी. आमचे हे गेले, त्यांची रुख्मिणीही गेली. दोन चुली कशाला पेटवायच्या म्हणून ते जेवायला माझ्याकडेच येतात.

भाऊजी वायरमनचं शिकले अन् जिनात लागले. कापसातून सरकी काढणारी मशीनं तिथं हंगामभर धडधडत असतात. शेजारी उभ्या माणसाला काही सांगायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. तिथं भाऊजींनी अडतीस हंगाम काढले. मी म्हणायची, कापसाच्या गावात राहता, दोन बोळे कानात घालायला काय जाते. तर म्हणायचे, "बोळे घातले त मशीन काय म्हणून राह्यली ते मले कसं समजन?" मशीन बिघडायच्या आधी तिचा आवाज बदलतो म्हणे, अन् तो बदल सगळ्या जिनात त्यांनाच आधी कळायचा. मालकही विचारायचा, "शालिकराम, आयक बरं, हे काय म्हणते?" कानाचं त्यांना नाव होतं. त्या नावापायीच कान गेले.

गेले ते हळूहळू. अन् त्यांनी ते लपवलं. कोणी काही बोललं की मान हलवायची अन् "हो, हो" म्हणायचं. भाजीवाली भाव सांगे, "हो, हो." कोणी मेल्याची खबर आणली, तरी "हो, हो." गावाला वाटे, म्हातारा मोठा सोशिक झाला.

त्यांना एकच लेक, अपेक्षा. रुख्मिणी गेली तेव्हा ती दहावीत होती. पुढं नर्सचं शिकली अन् नोकरीला धारणीकडे गेली, मेळघाटात. पाच वर्षांमागं तिनं तिथल्याच एका मास्तरशी आपल्या मनानं लग्न केलं. मुलगा चांगला, पण जात वेगळी. दोघं पाया पडायला दारात आले तेव्हा भाऊजींनी पाय मागं घेतले. म्हणाले, "आजपासून तुहा आवाज माह्या कानावर पडू देऊ नोको." मी तिथंच तांदूळ निवडत बसले होते. मी मधे बोलायला पाहिजे होतं, पण बोलले नाही. पोरगी उंबऱ्यातूनच फिरली.

देवाला मी आजवर पुष्कळ गोष्टी मागितल्या. त्यातली एकही त्याला भाऊजींच्या या बोलण्याइतक्या लवकर ऐकू आली नाही.

गेल्या वर्षी लग्नसराईत भाऊजींच्या फोनवर तिचा निरोप आला. लिहिलेला नाही, बोललेला. बापानं आवाज नको म्हटला होता ना, मग लेक त्याचीच. तिनं आवाजच पाठवला. भाऊजींनी फोन उजव्या कानाला लावला, मग डाव्या. मग घड्याळ बंद पडल्यावर हलवतात तसा हलवून पाहिला. मी अंगणातून पाहत होते.

मी जवळ जाऊन मोठ्यानं म्हटलं, "आणा इकडे. आयकून सांगीन."

"नाई वैनी. बापलेकीचं हाय. मदात तिसरं नोको."

"अन् तिले सांगा ना, ऐकू येत नाई म्हणून."

यावर ते "हो, हो" म्हणाले, म्हणजे त्यांना ते ऐकायचं नव्हतं. चार वर्षांनी लेक बोलली अन् तिला काय सांगायचं, की तुझा बाप बहिरा झाला? तिला वाटलं असतं, देवानं शिक्षा दिली. भाऊजींनाही तसंच वाटत होतं, म्हणून तर सांगवत नव्हतं.

पोळ्यापर्यंत असे पाच निरोप आले. प्रत्येक वेळी ते फोन कानाला लावायचे अन् ठेवून द्यायचे. शिबिरात फुकट मिळालेलं कानातलं यंत्र त्यांनी लावून पाहिलं होतं. ते शिट्ट्या मारायचं. म्हणायचे, कुकर कानात घेऊन हिंडल्यासारखं होते. चांगलं यंत्र अमरावतीच्या डॉक्टरनं कागदावर किमतीसकट लिहून दिलं, तो कागद घडी करून खिशात गेला तो गेलाच. मग एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "वैनी, मी स्वतःच बनवतो." फोनमधला आवाज घ्यायचा, एका चिपमधून मोठा करायचा, अन् कानावरच्या हेडफोनमधे सोडायचा. त्याला अॅम्प्लिफायर म्हणतात. मोठे मोठे दुरुस्त केले होते त्यांनी, गणपती मंडळाचे, मंडपवाल्यांचे. एवढासा, एका माणसाच्या कानापुरता, कधी केला नव्हता.

चिप आणायला आम्ही एसटीनं अमरावतीला गेलो. मी कशाला, तर दुकानदाराचं ऐकायला. दुकानात अंकुर नावाचा तिशीतला माणूस होता.

"काय पायजे काका?"

"हो, हो," भाऊजी म्हणाले.

मी म्हटलं, "आठ पायाची चिप पायजे. आवाज मोठा करणारी. काकाचा कान इथं हाय." अन् माझ्या कानाला हात लावला.

अंकुर हसला. बिलाच्या मागं मोठ्या अक्षरात त्यानं लिहून दाखवलं, की तयार बोर्ड मिळतो, काका कशाला डोळे फोडता. भाऊजींनी ते वाचलं अन् म्हणाले, "तयार वस्तू बिघडली त फेकावं लागते. आपण केली त उघडून पाहता येते." अंकुरनं चिप दिली अन् बिलाच्या त्याच कागदावर जोडणीचं चित्रही काढून दिलं.

बाकी सगळं घरातलं. आवाज कमीजास्त करायचं बटण मेलेल्या रेडिओचं. हेडफोन कोणाचा तरी फेकलेला, एका बाजूची दांडी मोडलेली, तिला मी परकराची नाडी बांधून दिली. पेटी म्हणून त्यांनी रुख्मिणीचा पितळी पानडबा काढला. आमचं पानमळ्यांचं गाव, बायकांचा पानडबा मंगळसूत्राच्या खालोखाल. चुन्याच्या खणात बॅटरी बसली, सुपारीच्या खणात चिप. तारा पितळेला लागू नयेत म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा. बाजूला एक भोक पाडून बटण बाहेर काढलं.

वितळल्या कथलानं तारा सांधायला, म्हणजे डाग द्यायला, त्यांचे हात अजून चांगले होते. मी माझ्या सांडशीत तार धरायची, ते राळेत टोक बुडवून डाग द्यायचे, अन् धुराचा वास घरभर देवळासारखा दरवळायचा. अडचण पुढंच होती. यंत्र चालू केल्यावर त्यात घरघर आहे की शिट्टी, ते बनवणाऱ्याला ऐकू येईना. ज्या माणसाला मशीन काय म्हणते ते सगळ्यांच्या आधी कळायचं, तो माझ्या तोंडाकडे पाहत बसायचा.

तेव्हा मी पाटावर बसून नाडीचा हेडफोन डोक्याला लावायची. शेजारची साधना एकदा पाहून गेली अन् दोन दिवस हसत होती.

"वैनी, कशासारखं येते?"

मला त्यांची भाषा कुठली यायला. मी माझ्या स्वयंपाकघरातलं सांगायची. "पिठाच्या चक्कीसारखं." मग ते भिंतीतल्या विजेची वायर काढून बॅटरी लावायचे. "आता?" "आता फोडणीत मोहरी टाकल्यावानी." "म्हणजे व्हॉल्यूम घासलं." की रेडिओचं ते बटण खोलून, स्पिरिटनं पुसून पुन्हा बसवायचे. एक दिवस शिट्टी, तर म्हणाले, येणारी अन् जाणारी तार एकमेकीला खेटली. अशी मी त्यांचा कान झाले. बोलायला मात्र आम्ही दोघं घसा फोडत होतो, चार घरांना कळायचं की आज मोहरी आहे की चक्की.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी फोनवरचं एक भजन लावलं. मी ऐकलं.

"कशासारखं येते?"

मी शोधलं, पण काही सापडेना. म्हटलं, "जसं हाय तसं."

त्यांनी हेडफोन माझ्या डोक्यावरून काढून स्वतः घातला. बटण फिरवत गेले, फिरवत गेले, अन् मग बोटं थांबली. भिंतीकडे तोंड केलं. भजन संपेपर्यंत ते तसेच बसून होते.

मी हातानं फोन दाखवला, की आता लेकीचं ऐका. सात निरोप जमले होते.

"उद्या दसरा," ते म्हणाले. "चार वर्षानं पोरीचा आवाज ऐकायचा, त चांगल्या मुहूर्तावर आयकीन."

मलाही ते पटलं. दोघांपैकी एकालाही वाटलं नाही की पोरीनं काय विचारलं असेल अन् त्याला घाई असेल का.

दसऱ्याला आम्ही घरातली अवजारं पूजेला मांडतो. त्याच संध्याकाळी भाऊजींनी पक्कड, टेस्टर, डाग द्यायची गन अन् पानडबा माझ्या देवाजवळच्या पाटावर आणून ठेवला. पानडबा धुरानं अन् हातांनी काळा झालेला. काळं पितळ मी जन्मात कधी पूजेत मांडलं नाही. चिंच भिजवलेलीच होती, समया अन् तांब्या घासायला. मी झाकण घट्ट लावलं, पाण्यात बुडवला नाही, नुसती चिंच-मीठ लावून वरून घासला अन् ओल्या फडक्यानं पुसला. आरशासारखा निघाला. मला वाटलं, रुख्मिणी असती तर खूश झाली असती. बटणाच्या भोकाकडे माझं लक्षच गेलं नाही.

सकाळी पूजा झाली. भाऊजींनी धुतलेली टोपी घातली, पाटावर बसले, हेडफोन लावला, पहिला निरोप दाबला अन् बटण फिरवलं. वाट पाहिली. पूर्ण फिरवलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"वैनी, आयका."

मी कानाला लावला. चक्की नाही, मोहरी नाही. काहीच नाही. नाकाला मात्र वास आला, राळेचा नव्हे, करपल्याचा.

त्यांनी झाकण उघडलं. चिपच्या पायांत चिंचेचा चोथा अडकला होता अन् तारांवर हिरवं चढलं होतं. बोटानं उचलून त्यांनी तो हुंगला.

"चिंच," ते म्हणाले. एवढंच.

मी म्हणत होते, धुतला नाही हो, नुसता पुसला, बुडवला नाही. त्यांची पाठ माझ्याकडे होती. त्यांना काय ऐकू जाणार. त्या दिवशी आपट्याची पानं द्यायला लोक आले, त्या सगळ्यांना ते "हो, हो" म्हणाले. मला एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर मी बरी जेवले असते.

चिप गेली होती. अंकुरकडची संपली होती, नवा माल दिवाळीनंतर. मी दोनदा म्हटलं, आता तरी मला ऐकू द्या. त्यांनी मान हलवली. चोरून ऐकावं तर मला फोन घ्यायचा अन् ठेवायचा एवढंच येते. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी आठवा निरोप आला. नेहमीसारखा त्यांनी तो कानाला लावला अन् ठेवला. त्यानंतर आलाच नाही. दिवाळी झाली. मी चकल्या केल्या, त्या कोणी खाल्ल्या नाहीत.

तुळशीचं लग्न होतं त्या दिवशी नवी चिप बसली. या वेळी पानडब्याला मी हात लावला नाही. मुहूर्त त्यांनी विचारला नाही, मीही काढला नाही. ते ओट्यावर बसले अन् पहिल्यापासून ऐकायला लागले. मी समोर तुरीच्या शेंगा सोलत होते. पहिल्या निरोपाला ते हसले. मी तसं हसणं रुख्मिणी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. तिसऱ्याला चष्मा काढून पुसला. सहाव्याला उठून भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी गेले अन् बोटानं महिने मोजले. आठवा त्यांनी तीनदा ऐकला. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"वैनी, पोरगी पोटुशी हाय. सातव्यात घ्यायले या म्हणत होती."

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. लेकीला आणायला बापानं किंवा भावानं जायचं असतं, ती आपल्या पायांनी येत नसते. आई नाही, तर मोठी आई आहे, असं तिनं माझं नाव घेऊन म्हटलं होतं. सातव्या निरोपात म्हणाली होती, दसऱ्यापर्यंत वाट पाहीन, त्यापुढं डॉक्टर घाटाच्या रस्त्यानं येऊ देणार नाही. अन् आठवा भाऊजींनी मला शब्दाशब्दानं सांगितला. "बाबा, तुमी माहा आवाज आयकला की मले इकडे निळी खूण दिसते. तुमी सातीच्या साती आयकले अन् चूप राह्यले. मंग ठीक हाय. आता नाई विचारत."

तुरीच्या शेंगा माझ्या हातात तशाच राहिल्या. ज्याला निरोप लावता येत होता पण ऐकू येत नव्हता, त्या माणसानं एकेक निरोप दाबून तिला खूण पाठवली होती, की ऐकलं. अन् दसऱ्याला ऐकलं असतं तर दुसऱ्या दिवशी एसटी होती.

दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं आम्ही निघालो. परतवाड्याला बदलली. पुढं घाट. मी डिंकाचे लाडू घेतले होते. भाऊजींनी पिशवीत पानडबा घेतला होता, पंच्यात गुंडाळून. धारणीत पोचलो तर पाच दिवसांपूर्वीच ती सरकारी दवाखान्यात बाळंत झाली होती. मुलगी. दोघी सुखरूप. सासू भली बाई, चहा ठेवायला उठली. जावई घरी नव्हते.

अपेक्षा खाटेवर बसली होती. डोक्याला फडकं बांधलेलं, तोंड उतरलेलं. तिनं बापाकडे पाहिलं. पाया पडायला उठली नाही, उठूही नये त्या दिवसांत.

"आले बाबा?"

"हो, हो."

तिनं डोक्यावरचं फडकं सारखं केलं. मग हळूच म्हणाली, "माह्यावर अजून राग हाय?"

"हो, हो," भाऊजी म्हणाले, अन् मान हलवून हसले.

मी चार वर्षांपूर्वी तांदूळ निवडत गप्प बसले होते. या वेळी बोलले. "अपेक्षा, त्याहिले ऐकू येत नाई माय. तुहा एकही निरोप त्याहिले ऐकू आला नोता. कालपर्यंत."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग बापाकडे. बाप अजून हसतच होता. मग तिला पंच्यातून बाहेर आलेला आपल्या आईचा पानडबा दिसला, त्यातून लोंबणारी तार दिसली, माझी नाडी दिसली.

"मंग मले कोणी सांगितलं काहून नाई, मोठी आई? तू काहून नाई सांगितलं?"

दसऱ्याची चिंच मी तिला तिथंच सांगून टाकली. "चिंच," ती म्हणाली. एवढंच. बापासारखीच आहे.

पानडब्याची एक खोड अशी, की तो फक्त फोनमधलं बोलतो. समोर बसलेल्या माणसाचा त्याला उपयोग नाही. म्हणून पाच दिवसांची बाळंतीण कानाला फडकं घट्ट करून उठली, सासू नको नको म्हणत असताना हातपंपापर्यंत गेली, कारण तिच्या फोनला रेंज तिथंच येते, अन् आमच्याकडे पाठ करून फोनमधे बोलली. खोलीत भाऊजींचा फोन थोड्या वेळानं थरथरला. त्यांनी हेडफोन लावला. ती दारात उभी राहून त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. मग आत येऊन लेकरू पदराखाली घेतलं.

मी म्हटलं, "चाल आता. महिनाभर तरी चाल. मी करीन तुहं."

"पहिलं बाळंतपण एकदाच असते, मोठी आई," ती म्हणाली. "ते झालं."

लाडू तेवढे तिनं ठेवून घेतले.

परतताना घाट उतरेपर्यंत भाऊजी खिडकीबाहेर पाहत होते. परतवाडा जवळ आल्यावर मी न विचारताच म्हणाले, "पोरगी म्हणे, राग माहा बी हाय. गेला नाई. पण बोलत राहीन."

ती बोलत राहिली आहे. दर रविवारी निरोप येतो, छोटा. लेकरू पालथं पडलं, लेकराला दात आला. माहेरी ती आली नाही. भाऊजींच्या कानांचं उरलंसुरलं या उन्हाळ्यात गेलं. बटण पूर्ण फिरवलं तरी त्यांना आता काही येत नाही. आधी बॅटरी बदलली, मग चिप बदलली, सगळे डाग काढून पुन्हा दिले. मग एका रविवारी त्यांनी हेडफोन काढून माझ्यापुढं धरला.

"वैनी, आयका."

"बापलेकीचं हाय ना?" मी बोटांनी खुणा केल्या.

"आयका."

मी पाटावर बसले. नाडी आता जुनी झाली आहे, नवी बांधायला पाहिजे. आधी अपेक्षा बोलली, कसे आहात, इकडे पाणी नाही. मग तिनं फोन लेकराजवळ नेला असावा. लेकरू काहीबाही बोलायला लागलं, थांबेचना.

भाऊजी माझ्या तोंडाकडे पाहत होते. "कशासारखं येते?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं अन् होती नव्हती तेवढी ताकद लावून सांगितलं, "फोडणीत मोहरी तडतडते ना, तसं."

या वेळी त्यांना ऐकू गेलं, किंवा ओठांवरून कळलं. ते "हो, हो" म्हणाले. मग पानडबा पालथा केला, टेस्टर घेतला अन् बटणाचा स्क्रू काढायला लागले. मोहरी म्हणजे व्हॉल्यूम घासलं. मी त्यांचा हात धरणार होते, पण धरला नाही. स्पिरिटची बाटली आणून जवळ ठेवली.